ऑपरेशनच्या आदल्या दिवशीचा पाव

सेराफीना चिच्चिमार्रा हिची आणि माझी ओळख चुकीच्या घरी गेलेल्या एका पावामुळे झाली. मी लग्न होऊन सेर्राकूपा गावात आले, त्याच हिवाळ्यातील ही गोष्ट आहे. आमच्या गल्लीतील सर्व घरांचे पाव एकाच भट्टीत भाजले जात, आणि कोणाचा पाव कोणता हे कळावे म्हणून प्रत्येक घर आपल्या पावावर लाकडी शिक्का उठवीत असे. माझे पीठ जास्त फुगल्यामुळे माझ्या एका पावावरचा शिक्का पुसट झाला. भट्टीवाल्याने तो पाव सेराफीनाच्या फळीवर ठेवला आणि तिच्या घरच्यांनी तो अर्धा खाल्ल्यानंतर चूक उघडकीस आली. दुसऱ्या दिवशी सकाळी एक उंच, रुंद खांद्यांची बाई माझ्या दारात उभी राहिली. तिच्या एका हातात माझा उरलेला अर्धा पाव होता आणि दुसऱ्या हातात तिचा स्वतःचा अख्खा पाव होता.

"हा तुझा, हा माझा," ती म्हणाली. "अर्ध्याच्या बदल्यात अख्खा देतेय, कारण तुझ्या पावाला मीठच नाही. नवरा काही बोलत नाही का गं?"

"अजून तरी नाही," मी म्हणाले.

"मग माणूस चांगला आहे. जप त्याला."

पुढे तिच्या मुलाच्या बाप्तिस्म्याच्या वेळी मी त्याची धर्ममाता झाले. आमच्याकडे असे नाते जुळलेल्या बायका एकमेकींना 'कुम्मा' म्हणतात. हे नाते रक्ताचे नसले तरी ते मरेपर्यंत सुटत नाही. उतारवयात मी प्रौढांच्या वर्गात अक्षरे शिकले, आणि आपल्याला नीट ठाऊक असलेल्या एका माणसाविषयी लिहा असे आमच्या बाईंनी सांगितले, तेव्हा मला दुसऱ्या कोणाचा विचार करावा लागला नाही.

सेराफीना धनगराच्या घरात जन्मली. लहानपणी तिला उंची गाठण्यासाठी उपड्या बादलीवर उभे करून कणीक मळायला शिकवले होते. आमच्या पठारावर पिवळ्या गव्हाचे रवाळ पीठ होते. ते हट्टी असते, पाणी सावकाश पिते आणि हातांचा घाम काढते. सेराफीना ते अशा ताकदीने मळत असे की काथवटीखालच्या फरशा हलत. तिचा नवरा हयात असताना त्याने ऑलिव्हच्या लाकडाचा एक शिक्का कोरून तिला दिला होता. त्यावर कोंबडा कोरलेला होता. तो कोरीत असताना मुलगा मध्येच बोलला म्हणून कोंबड्याची चोच वाकडी झाली, आणि ती वाकडी चोच गावात सर्वांना माहीत होती.

कणकेची फळी डोक्यावर घेऊन ती भट्टीपर्यंतच्या पायऱ्या उतरत असे आणि पाव घेऊन त्याच पायऱ्या चढत असे. या पायऱ्यांनी तिचा उजवा खुबा खाल्ला, असे तीच म्हणते. गेली दोन वर्षे ती एक गुडघा खुर्चीवर टेकवून मळत होती आणि भट्टीपर्यंत तर जाऊच शकत नव्हती. तिचे पाव दुसऱ्यांच्या डोक्यावरून जात आणि तयार होऊन परत येत. "मुलीला सासरी पाठवावं आणि लग्नालाच जाऊ नये, तसं झालंय माझं," असे ती मला खिडकीत बसून सांगत असे. म्हणून डॉक्टरांनी खुब्याचा सांधा बदलण्याविषयी विचारले तेव्हा ती घाबरली नाही. तिने एवढेच विचारले की नवीन सांध्याने पायऱ्या उतरता येतील का. येतील, असे उत्तर मिळाल्यावर ती ऑपरेशनच्या तारखेची लग्नाच्या तारखेसारखी वाट पाहू लागली.

पहिली तारीख वसंतात मिळाली होती, आणि ती तिच्याच हातून गेली. हे कसे झाले ते सांगणे आवश्यक आहे.

आमच्याकडे घरातली मोठी बाई बऱ्याच दिवसांसाठी बाहेर जाणार असेल, तर ती काथवट रिकामी ठेवून जात नाही. त्यामुळे सेराफीनाने ऑपरेशनच्या दिवशी पहाटे उठून कणीक मळली आणि मग ती इस्पितळात गेली. मध्यरात्रीपासून काही खाल्ले-प्यायले आहे का, असे भूल देणाऱ्या डॉक्टरबाईंनी विचारले, तेव्हा तिने अगदी खरेपणाने 'नाही' म्हणून सांगितले. परंतु पुढे तिला राहवले नाही, आणि घरी पावाची कणीक मळूनच आले आहे, असे तिने अभिमानाने सांगितले. डॉक्टर क्वार्ता या आमच्याच भागातल्या. त्यांनी हातातील पेन खाली ठेवले.

"मीठ कुणी चाखलं, सिन्योरा?"

"मीच. दुसरं कोण चाखणार?"

"किती?"

"अक्रोडाएवढं. मीठ घातल्यावर एकदा, मळून झाल्यावर एकदा, झाकायच्या आधी एकदा."

"आणि गिळलं?"

"डॉक्टर, कणीक काय थुंकायची वस्तू आहे?"

सेराफीनाला त्याच दिवशी घरी परत पाठवण्यात आले. तिची समजूत शेवटपर्यंत पटली नाही. खाणे म्हणजे बसून खाणे. चाखणे हे काम आहे, जसे शिवणाऱ्याने दोरा ओठांनी ओला करावा तसे. आमच्या गल्लीतील कोणतीही बाई असेच म्हणाली असती, आणि मीही म्हणाले. परंतु खुब्याचे दुखणे कोणाचे म्हणणे ऐकत नाही. उन्हाळा तिने काठीवर काढला.

दुसरी तारीख नोव्हेंबरमधील एका गुरुवारची आली. या वेळी डॉक्टर क्वार्ता यांनी स्वतः फोन करून बजावले की बुधवारी दुपारच्या घंटेनंतर चावण्यासारखे काहीही तोंडात जाता कामा नये. पाणी आणि गाळलेले सूप चालेल, तेही सांगितलेल्या वेळेपर्यंतच. ही तारीख गेली तर पुढची हिवाळा संपल्यावरच मिळेल, हेही त्यांनी सांगितले.

गल्लीची भट्टी बुधवारी पेटते. त्यामुळे पाव बुधवारीच करावयाचे होते. सेराफीनाने सर्वांना बोलावून आपली योजना सांगितली. सकाळी लवकर मळायला घ्यायचे, दुपारच्या घंटेच्या आत मीठ चाखून कणीक झाकायची, आणि घंटा झाली की तोंड बंद. योजनेत काही खोट काढता येत नव्हती. त्या सकाळी ती इतकी आनंदात होती की तिने मला खिडकीतून हाक मारली तेव्हा पलीकडच्या चौकातील कबुतरे उडाली.

मी गेले तेव्हा घरात एकाच वेळी दोन कामे चालू होती. एका बाजूला पावाची तयारी होती. आदल्या संध्याकाळी पाणी-पीठ घालून जागे केलेले आंबवण मातीच्या भांड्यातून वर आले होते आणि त्याला हिरव्या सफरचंदासारखा वास येत होता. दुसऱ्या बाजूला ऑपरेशनची तयारी होती. सतरंज्या गुंडाळून भिंतीशी उभ्या केल्या होत्या, कारण वॉकर त्यांच्यात अडकतो. ऑपरेशननंतर खुबा फार वाकवायचा नसतो म्हणून खुर्चीच्या पायांखाली लाकडी ठोकळे ठोकून ती उंच केली होती, आणि सेराफीना त्या खुर्चीवर न्यायाधीशासारखी बसली होती. इस्पितळाने दिलेल्या औषधी साबणाने आंघोळ केल्यामुळे तिला दवाखान्याचा वास येत होता, आणि तिची बहीण पाल्मा त्या वासावर नाक मुरडत होती.

"अख्खी सेराफीना बाटलीत भरून ठेवल्यासारखी वाटतेय," पाल्मा म्हणाली.

"तू जवळ येऊ नकोस. तुला साबणाची सवय नाही," सेराफीना म्हणाली.

सून लीदिया सेराफीनाच्या बोटातली लग्नातली अंगठी काढीत होती. इस्पितळात अंगावर धातू चालत नाही आणि ती अंगठी कित्येक वर्षांत बोटावरून हललीही नव्हती. लीदियाने बोटाला ऑलिव्हचे तेल लावले होते आणि ती गोल गोल फिरवीत, अजिबात न ओढता, ती अंगठी पुढे आणीत होती. लीदिया मूळची आरेझ्झोकडची. त्या भागात पाव पूर्वापार बिनमिठाचा करतात. लग्नानंतर पहिल्या जेवणाला तिने सेराफीनाचा पाव खाल्ला आणि तीन वेळा पाणी मागितले. ही गोष्ट पाल्माने इतक्या जणांना सांगितली होती की गावात काही लोक लीदियाला 'तहानलेली' म्हणून ओळखत. तिला घरातले सर्व काम करू दिले जाई, परंतु काथवटीत हात घालू दिला जात नसे. कोणी तसा नियम सांगितला नव्हता. सेराफीना एवढेच म्हणे, "राहू दे गं पोरी, मी करते." असे बारा-एक वर्षे चालले होते.

अंगठी निघाली. सेराफीनाने आपल्या उघड्या बोटाकडे पाहिले आणि हात मिटून घेतला.

"आई, मी ही गळ्यातल्या साखळीत घालून ठेवते. माझ्या गळ्यात," लीदिया म्हणाली. "परत आलात की लगेच देते."

"हरवलीस तर?"

"तर तुमचा मुलगा परत घ्या."

"तो कशाला? अंगठीच शोध," सेराफीना म्हणाली.

त्याच वेळी मुलगा साव्हेरिओ वरच्या मजल्यावरून तिचा पलंग खाली आणीत होता. ऑपरेशननंतर जिना चढता येणार नव्हता म्हणून पलंग चुलीशेजारी लावायचे ठरले होते. साव्हेरिओ ट्रक चालवतो आणि कोणतीही गाडी कोणत्याही गल्लीतून काढतो, अशी त्याची ख्याती आहे. परंतु पलंग जिन्यातून खाली आला आणि स्वयंपाकघराच्या दारात आडवा अडकला. आम्ही बायका आत, साव्हेरिओ बाहेर, आणि पिठाचे पोते त्याच्याही मागे, अशी स्थिती झाली.

"तिरका कर," पाल्मा आतून म्हणाली.

"तिरकाच आहे, मावशी."

"मग सरळ कर."

"अगं, सरळ होता तेव्हाच अडकला ना."

"याच पलंगावर तू जन्मलास," सेराफीना आपल्या खुर्चीवरून म्हणाली, "तेव्हाही असाच आडवा आला होतास. सुईणीला विचार."

ती मरून किती काळ झाला, असे साव्हेरिओने विचारले आणि सगळे हसू लागले. हसताना कोणालाही जोर लावता येत नव्हता. शेवटी लीदिया पलंगाखालून रांगत बाहेर गेली आणि तिने खालून पाहून सांगितले की एक पाय स्क्रूचा आहे, तो काढता येतो. पाय काढला, पलंग आत आला, पीठ आत आले. परंतु या सगळ्यात सकाळ गेली होती.

मळायचे कोणी, हा प्रश्न आला. सेराफीनाला उभे राहता येत नव्हते, पाल्माच्या मनगटात जोर नव्हता आणि माझे हात संधिवाताने वाकडे झाले आहेत. सेराफीनाने लीदियाकडे पाहिले आणि जणू हे नेहमीचेच आहे अशा स्वरात म्हणाली, "बाह्या वर कर."

लीदियाने बाह्या वर केल्या. तिने पिठाच्या मधोमध खळगा केला, आंबवण सोडले आणि पाणी घालीत मळायला घेतले. सेराफीना खुर्चीवरून हुकूम देत होती. खालून उचल, मुठीने दाब, गोंजारू नकोस, ते मांजर नाही. लीदियाचा चेहरा लाल झाला आणि तिच्या गळ्यातील अंगठी साखळीवर झुलू लागली. मग सेराफीनाने स्वतःच्या हाताने मीठ घातले. ती मीठ मुठीने मोजते. परंतु म्हातारपणी मूठ लहान होते हे तिलाही ठाऊक होते आणि म्हणून चाखण्यावाचून तिला चैन पडत नसे. लीदियाने मीठ कणकेत जिरवले, सेराफीनाने चिमूट तोडली, ती तोंडाकडे नेली, आणि चर्चची दुपारची घंटा झाली.

सर्वांनी तिच्या हाताकडे पाहिले. हात ओठांपासून वीतभर अंतरावर थांबला होता.

"ठेव," पाल्मा म्हणाली.

"घंटा अजून वाजतेय. संपली नाही."

"सेराफीना, ठेव खाली."

"कुम्मा," मी म्हणाले, "वसंतात तू काय म्हणाली होतीस ते आठव. आणि उन्हाळाभर काय म्हणत होतीस तेही आठव."

तिने चिमूट परत काथवटीत टाकली. एवढे कठीण काम मी तिला दुसऱ्या कोणत्याही वेळी करताना पाहिलेले नाही. पाल्माने लगेच आपला रुमाल काढून तिच्या तोंडावर बांधला आणि मागे गाठ मारली. सेराफीनाचे फक्त डोळे दिसू लागले आणि ते पाल्माकडे असे पाहत होते की मला हसू आवरण्यासाठी खिडकीकडे तोंड करावे लागले.

आता चाखायचे कोणी? पाल्माला रक्तदाब होता आणि डॉक्टरांनी मीठ बंद केल्यापासून तिला सगळेच खारट लागत असे. साव्हेरिओ दिवसभर सिगारेट ओढतो. सेराफीनाने रुमालावरून माझ्याकडे पाहिले आणि नजर फिरवली. इतक्या वर्षांनंतरही तिला माझा तो पहिला पाव आठवत होता.

"मी बघू का?" लीदिया म्हणाली.

"तू?" पाल्मा म्हणाली. "आरेझ्झोची? अगं, उद्या घरातले सगळे बिचारे पाणी मागत फिरतील की बिनमिठाचं कागदासारखं चावतील, काय भरवसा?"

लीदियाने हात पुसले नाहीत. ती म्हणाली, "मावशी, ज्याच्या घरी मीठ असतं त्याला मीठ कळत नाही. मी मोठी होईपर्यंत पावात मीठ खाल्लंच नाही. इथे आल्यापासून एकेक कण कळतो मला. आई आजारी असल्या की मीठ जास्त पडतं. रागावल्या की कमी. साव्हेरिओ दौऱ्यावर असला की दर वेळी जास्त."

साव्हेरिओ पलंगाचा पाय बसवीत होता, तो थांबला. सेराफीनाने रुमाल नाकापर्यंत वर ओढला, मग हनुवटीखाली ओढला. "चाख," ती म्हणाली.

लीदियाने चिमूट तोंडात घातली, डोळे मिटले आणि सावकाश चावली. "कमी आहे."

"मी तीन मुठी घातल्या."

"आज मूठ घट्ट होती, आई."

"कशावरून?"

"अंगठी काढल्यापासून तुम्ही मूठ सैल सोडलीच नाही."

सेराफीनाने आपला हात पाहिला. मूठ मिटलेली होती. तिने ती उघडली, मिठाचे भांडे लीदियाकडे ढकलले आणि पाल्माने काही म्हणायच्या आत तिला बोटाने गप्प केले. लीदियाने आणखी थोडे मीठ घातले, थोडे पाणी शिंपडले, पुन्हा मळले आणि पुन्हा चाखले. "झालं," ती म्हणाली. सेराफीनाने मान हलवली, परंतु तिच्या मनात शंका होती हे मी जाणत होते. तिची टाच फरशीवर ठोके देत होती.

कणकेवर सुरीने क्रूस काढला गेला. मग आमच्या पद्धतीप्रमाणे तिला उबदार झाकायचे होते, आणि इथे दुसरी अडचण आली. कणीक झाकायचे लोकरीचे पांघरूण लीदियाने औषधी पावडरीत धुऊन, उन्हात वाळवून आजारी माणसाच्या पलंगावर पसरून ठेवले होते.

"तुमच्यासाठी स्वच्छ केलंय, आई. त्याला आता पीठ लागेल."

"आज कणीक घेईल, परत आले की मी घेईन," सेराफीना म्हणाली. "दोघींना तेच पुरलं आहे आजवर." खाली स्वच्छ फडके आणि वर ते पांघरूण, त्यावर तिच्या नवऱ्याचा जुना कोट, असे सगळे घातले गेले. सेराफीनाने कोटावर हात थोपटला आणि कणकेला सांगितले, "झोप आता."

कणीक फुगेपर्यंत आम्ही वॉकरचा सराव केला. काथवट ते पलंग, पलंग ते दार. साव्हेरिओ मागून चालत होता आणि ट्रक मागे घेताना काढतात तसा आवाज तोंडाने काढीत होता. सेराफीनाने त्याला वॉकरची एक ढुसणी दिली. तिला सूप देण्यात आले. ते गाळलेले होते आणि तिने त्याचा अपमान केला, परंतु थेंबही शिल्लक ठेवला नाही.

कणीक उठल्यावर लीदियाने तिचे भाग केले, पाव घडी घालून बनवले आणि सेराफीनाने प्रत्येकावर कोंबड्याचा शिक्का उठवला. हे काम तिने कोणाला दिले नाही. मग काथवट रिकामी झाली, आणि आम्ही सगळे बेसावध झालो. पाव फळीवर होते, साव्हेरिओ फळी उचलीत होता, मी आणि पाल्मा दार धरीत होतो. रुमाल केव्हाच हनुवटीखाली गेला होता. सेराफीना काथवटीच्या कडा खरवडून स्वच्छ करीत होती, जसे ती आयुष्यभर करीत आली आहे, आणि आयुष्यभर करीत आली तसेच तिने खरवडीने भरलेले बोट तोंडात घातले.

लीदियाने ते पाहिले. "आई."

सेराफीना दगडासारखी बसली. बोट तोंडातच होते.

"गिळू नकोस," पाल्मा ओरडली. "थुंक. थुंक म्हणते ना."

लीदियाने वाटी पुढे धरली. सेराफीना थुंकली, चूळ भरली, पुन्हा थुंकली. साव्हेरिओने फळी पलंगावर ठेवली आणि फोन हातात घेतला. पाल्मा देवाचे नाव घेऊ लागली आणि मध्येच थांबून आपल्या बहिणीला दूषणे देऊ लागली. मी सेराफीनाचा हात धरला. तिच्या डोळ्यांपुढे हिवाळा उभा होता, खिडकीतली खुर्ची उभी होती.

साव्हेरिओने फोन सर्वांना ऐकू येईल असा लावला. डॉक्टर क्वार्ता यांचा आवाज आला. त्यांनी सर्व ऐकून घेतले.

"गिळलं की थुंकलं?"

"थुंकलं," आम्ही चौघांनी एकदम सांगितले.

"सिन्योरा चिच्चिमार्रा बोलत का नाहीत?"

"बोलते आहे," सेराफीना म्हणाली. "परत पाठवणार का, तेवढं सांगा."

मग डॉक्टरबाई म्हणाल्या, "माझी आई अजून पाव करते. मला ठाऊक होतं की तुम्हाला दुपारची घंटा सांगितली तर तुम्ही संध्याकाळपर्यंत एकदा तरी बोट चाटणार. म्हणूनच दुपार सांगितली. खरं बंधन मध्यरात्रीपासूनचं असतं. या उद्या." आणि मग, "पण हे कळलं म्हणून जेवायला बसू नका. सूपच प्या. ऐकताय ना?"

"ऐकतेय."

"साव्हेरिओ, त्यांच्यावर लक्ष ठेवा."

"चौघे ठेवतोय, डॉक्टर."

फोन बंद झाला. पाल्मा पलंगावर, पावांच्या फळीशेजारी, बसून राहिली आणि कोणीतरी आपल्याला पाणी द्यावे असे म्हणाली. साव्हेरिओने कपाळ पुसले आणि तिथे पीठ लागले. सेराफीनाने मात्र रुमालाने तोंड टिपले, लीदियाकडे वळली आणि म्हणाली:

"मीठ बरोबर आहे."

लीदिया वाटी धुवायला अंगणात गेली, आणि एक वाटी धुवायला लागतो त्यापेक्षा पुष्कळ जास्त वेळ नळ चालू होता.

त्या संध्याकाळी सेराफीना भट्टीवर गेली. ते योजनेत नव्हते. साव्हेरिओने इस्पितळासाठी आणलेली चाकांची खुर्ची काढली आणि म्हणाला, "उद्या बसायचंच आहे हिच्यात, आजच बस." मागच्या वाटेला पायऱ्या नाहीत, फक्त लांबचा वळसा आहे. पुढे साव्हेरिओ डोक्यावर फळी घेऊन, मागे लीदिया खुर्ची ढकलीत, त्यामागे पाल्मा आणि मी, असे आम्ही निघालो. दारादारांतून बायका विचारू लागल्या की ऑपरेशन झाले का. "उद्या," सेराफीना उत्तर देत होती. "आज पाव."

भट्टीवाल्या व्हितोने तिला पाहून लांब दांड्याचे फावडे भिंतीला टेकवले. "या, सेराफीना मावशी. मला वाटलं होतं तुम्ही भट्टी बदललीत."

"तू अजून पाव जाळतोस का बघायला आले."

पाव आत गेले. तिने खुर्ची भट्टीच्या तोंडासमोर लावायला सांगितली आणि ती तिथून हलली नाही. अंगारांचा प्रकाश तिच्या चेहऱ्यावर पडत होता. साबणाचा वास गेला होता आणि भाजणाऱ्या पावाचा वास सगळीकडे पसरला होता. पाव बाहेर आले तेव्हा वाकड्या चोचीचा कोंबडा प्रत्येकावर स्पष्ट उठलेला होता. तिने एक पाव फडक्यात घेतला, उलटा केला, पाठीवर बोटाने ठोकले आणि कान लावला. आवाज पोकळ आला. मग तिने तो नाकाशी धरला आणि बराच वेळ धरून ठेवला. आम्ही चौघेही जवळ सरकलो.

"हुंगतेय फक्त," ती म्हणाली. "हुंगण्याचं बंधन डॉक्टरने घातलं नाही."

दुसऱ्या दिवशी ऑपरेशन झाले आणि ते नीट झाले. भूल उतरल्यावर ती प्रथम काय म्हणाली याविषयी पाल्मा आणि साव्हेरिओ यांचे मतभेद आहेत, म्हणून मी ते लिहीत नाही. घरी आल्यावर ती चुलीशेजारच्या पलंगावर, त्याच पांघरुणाखाली झोपली, आणि पहिला पाव तिच्यासमोर कापला गेला. त्यानंतरचे सर्व बुधवार लीदियाने मळले. सेराफीना उंच खुर्चीवरून पाहत होती, नंतर वॉकर धरून, नंतर काठी धरून.

वसंत परत आला, तेव्हा एका बुधवारी मी तिच्याकडे गेले. ती काथवटीपाशी दोन्ही पायांवर उभी होती, खुर्चीवर गुडघा न टेकवता, आणि तिच्या बोटात अंगठी होती. कणीक तिनेच मळली होती. फरशा पूर्वीसारख्या हलत होत्या. भट्टीवर पायऱ्यांनीच जायचे, असे तिने मला दारातच सांगितले. मग तिने कणकेतून अक्रोडाएवढी चिमूट तोडली. तिला थांबवणारी आता कोणतीही घंटा नव्हती. तिने ती चिमूट तळहातावर घेऊन हात लीदियापुढे केला.

"पोरी," ती म्हणाली, "जरा मीठ बघ."